पाचशे अप्सरा आणि एक जामीनदार

बँकेत एकवीस वर्षं काढलेल्या माणसाचा जामीनदार या प्राण्यावर विश्वास उरत नाही. सही करताना तो कर्जदाराचा सख्खा मेहुणा असतो, वसुलीच्या वेळी "कोण हो हे?" म्हणून आपल्यालाच विचारतो. म्हणून एका खऱ्या जामीनदाराची गोष्ट वाचली तेव्हा मी थक्क झालो. ती सापडली पाली ग्रंथांत. मी बी.कॉम. माझा पालीशी आजवरचा संबंध स्वयंपाकघरातल्या भिंतीपुरता.

तिथवर मी कसा पोचलो, हे सांगणं जरा अडचणीचं आहे. आमच्या कर्जविभागात बदलून एक बाई आल्या. त्यानंतर मी रोज इस्त्रीचा शर्ट घालू लागलो आणि मिशीला कलप लावू लागलो. बस्स! व्हाउचरखेरीज आमच्यात बोलणं झालं नाही, आणि आठ महिन्यांनी त्यांची बदलीही झाली. आपण केवढा संयम पाळला, असं मला वाटू लागलं. कुठून तरी त्याचा दाखला मिळावा म्हणून मी ग्रंथालयातून बुद्धधर्मावरची पुस्तकं आणली.

सुरुवातीला धीर आला. संसारी माणसाला तिथं ब्रह्मचर्याची सक्ती नाही. पंचशीलातलं तिसरं शील म्हणतं, कामात मिथ्याचार करू नका. ज्यांना झेपेल त्यांनी उपोसथाच्या दिवशी आठ शीलं घ्यावीत आणि त्या दिवसापुरतं ब्रह्मचर्य पाळावं. भिक्षूंचा कायदा मात्र कडक. स्त्रीसंग घडला की पाराजिका, म्हणजे संघातून कायमचा बाहेर, अपील नाही. हा नियम सुदिन्न नावाच्या भिक्षूमुळे झाला. घराण्याची संपत्ती वारसावाचून जाईल म्हणून आईनं गळ घातली, आणि तो पूर्वीच्या बायकोकडे गेला. नियम त्यानंतर आला. सर्क्युलर नेहमी भानगडीनंतरच निघतं, ही परंपरा बरीच जुनी दिसते.

शिवाय 'काम' म्हणजे आपण समजतो तेवढाच नव्हे. रूप, शब्द, गंध, रस, स्पर्श, सगळ्यांचा मोह त्यात येतो. म्हणजे आमच्या कोपऱ्यावरचा बटाटेवडाही आला. हा हिशेब मी तूर्त बाजूला ठेवला.

मग नंद भेटला. नंद हा बुद्धांचा सावत्र भाऊ. टीकाग्रंथांत असं आहे की, कपिलवस्तूला त्याच्या लग्नाच्याच दिवशी बुद्ध भिक्षेला आले आणि निघताना त्यांनी भिक्षापात्र त्याच्या हातात दिलं. आता ते परत कसं घ्या म्हणायचं? साहेबांची बॅग हातात आली की आपण स्टेशनापर्यंत जातो, तसा हा विहारापर्यंत गेला. तिथं विचारलं, प्रव्रज्या घेणार का? भिडेखातर 'हो' म्हणाला आणि भिक्षू झाला.

मन अर्थातच घरी. निघताना नवरीनं अर्धवट विंचरलेल्या केसांनिशी वळून पाहिलं होतं, लवकर परत या म्हणून सांगितलं होतं. तेच त्याला दिसायचं. तो चीवर टाकून परतायला निघाला, तेव्हा बुद्धांनी त्याला देवलोकात नेऊन पाचशे अप्सरा दाखवल्या. नवरी सुंदर की या? नंद म्हणाला, यांच्यापुढं ती नाक-कान कापलेल्या माकडिणीसारखी! बुद्ध म्हणाले, मग ब्रह्मचर्य पाळ. या पाचशे मिळतील, मी जामीन राहतो.

पाली शब्दाचा अर्थ खरोखरच जामीन असा आहे. मी दोनदा पाहून घेतलं.

नंद जोरात साधनेला लागला. पण बाकीचे भिक्षू त्याला भाडोत्री म्हणू लागले, विकत घेतलेला म्हणू लागले. इथं मी पुस्तक मिटलं. कारण माझा संयम तरी कशाचा होता? बदनामीची भीती, चौकशीची भीती, आणि पेन्शन. नंदाला निदान पाचशे अप्सरा तरी कबूल झाल्या होत्या. मी प्रॉव्हिडंट फंडावरच ब्रह्मचारी!

रात्री पुन्हा उघडलं. लाजेनं नंद एकांतात गेला, खटपट केली आणि अर्हत झाला. मग बुद्धांकडे येऊन म्हणाला, मी तुम्हाला जामिनातून मोकळं करतो. बुद्ध म्हणाले, तुझं मन सुटलं तेव्हाच मी सुटलो. मुदत भरल्यावर रक्कम नको म्हणणारा ठेवीदार मी तरी पाहिलेला नाही.

ही गोष्ट मी जेवताना मोठ्या तोऱ्यात हिला सांगितली.

"माकडीण?" ही म्हणाली. "लग्नाच्या बायकोला? आणि तिचं पुढं काय झालं?"

पुढं तीही भिक्षुणी झाली असं सांगतात, मी म्हटलं. पण मधल्या दिवसांबद्दल पुस्तकात फारसं नव्हतं.

"अजिंठ्याला पाहिली होती ती हीच की," ही म्हणाली. आणि मला आठवलं. मुलं लहान असताना एल.टी.सी. घेऊन गेलो होतो. सोळावं लेणं, वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव यानं पाचव्या शतकात कोरवून घेतलेलं. त्यात मान टाकलेली एक स्त्री आहे, भोवती दासी, आणि नंदानं सोडलेला मुकुट घेऊन आलेला सेवक. 'मरणासन्न राजकुमारी' म्हणून ते चित्र प्रसिद्ध आहे. अभ्यासक तिला नंदाची पत्नी मानतात. ही तिथून हलेना, आणि मी मात्र बस सुटेल म्हणून ओरडत होतो.

"एक विचारू?" ताट उचलता उचलता ही म्हणाली. "मे महिन्यापासून तुम्ही कलप लावायचं सोडलंत. ते वैराग्यच ना?"

मी पाणी प्यायलो. खरं तर ग्लास रिकामा होता.

सकाळी मी निघालो तेव्हा ही दारात आली. एका हातात केसांचा अर्धा शेपटा, कंगवा दातांत धरलेला. रोज काहीतरी सांगते. आज काही बोलली नाही. जिना उतरून खाली गेलो, आणि परत वर येऊन विचारलं, "येताना काही आणायचंय का?"

कंगवा काढून ती म्हणाली, "दळण."