कसब कोणाचें?

मनुष्याच्या अंगच्या कसबावर पहिला हक्क कोणाचा? त्याचा स्वतःचा, त्याला वाढविणाऱ्या घराचा, कीं ज्या देशांत तो जन्मला त्या देशाचा? प्रश्न जुना आहे. परंतु प्रत्येक पिढीच्या दारीं तो नवा वेष घेऊन येतो. सोलापूर-पुणें रस्त्यावरील चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतींत पाळीवर जाणाऱ्या एका गृहस्थांच्या घरीं तो ज्या वेषानें आला तो मोठा विचार करावयास लावणारा आहे. त्यांच्या मुलानें कर्ज काढून वैमानिकाचा परवाना मिळविला, कांहीं वर्षें येथील कंपनींत सहवैमानिकाचें काम केलें आणि आतां जपानांत तेंच काम शोधावें असें त्याच्या मनानें घेतलें आहे. चुलते म्हणतात, हा देशाशीं कृतघ्नपणा झाला. आई म्हणते, कर्ज काढून शिकविलें तें काय इतकें दूर पाठविण्यासाठीं? बाप एवढेंच विचारतो कीं, परक्या मुलखांत माझ्या पोराला माणसासारखें वागवितील ना? आमच्या मतें तिघांच्या प्रश्नांत बापाचा प्रश्न सर्वांत खोल आहे. पण तेथवर जाण्यापूर्वीं इतर दोघांचें समाधान करणें अवश्य आहे.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. १९४४ सालीं शिकागो येथें झालेल्या करारानें विमानालाहि राष्ट्रीयत्व दिलें. भारतांत नोंदलेल्या विमानाच्या अंगावर 'व्हीटी' हीं अक्षरें असतात, जपानांत नोंदलेल्याच्या अंगावर 'जेए'. आणि परदेशीं जाणारें विमान ज्या देशाच्या दप्तरीं असेल त्या देशानें दिलेला अथवा मान्य केलेला परवानाच चालकाजवळ असावा लागतो. म्हणून आमच्या तरुणास येथील परवान्यावर जपानी विमान हांकतां येणार नाहीं. तेथील हवाई कायद्याची परीक्षा, प्रकृतीची तपासणी आणि प्रत्यक्ष कौशल्याची कसोटी यांतून त्याला पुन्हां जावें लागेल. आकाश एकच खरें, पण त्यांत शिरण्याचे दरवाजे निरनिराळे आहेत.

राहण्याच्या परवानगीची गोष्ट याहून बोधप्रद आहे. जपानच्या कायद्यांत परदेशी वैमानिकाची गणना 'कौशल्य' या वर्गांत होते. त्याच वर्गांत परदेशी पद्धतीचा स्वयंपाक करणारे आचारी, रत्नांना पैलू पाडणारे आणि जनावरें शिकविणारे असे कारागीर येतात. वैमानिकास अडीचशें तासांच्या उड्डाणाचा अनुभव लागतो. हिंदी पद्धतीचा स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यास मात्र दहा वर्षांचा. आमच्याकडे लग्नाच्या पंगतींतहि या दोघांना एका ओळींत बसविण्यास यजमान कचरेल! परंतु ज्याच्या हातीं खरें कसब आहे त्याची जात एकच, हें तत्त्व परक्यांच्या एका रुक्ष कायद्यानें सहज मान्य केलें आहे.

आतां चुलत्यांचा आक्षेप. देशानें आपल्याला घडविलें म्हणून आपण देशाचे ऋणी, हें आम्हांस मान्य आहे. सरकारी महाविद्यालयांत अल्प खर्चानें शिकलेल्या डॉक्टरावर, किंवा वायुदलानें तयार केलेल्या वैमानिकावर, हें ऋण विशेष भारी आहे. परंतु येथें शिक्षणाचे लाखों रुपये बापाच्या कर्जांतून आले. धावपट्टी, मनोरा आणि शिकविणाऱ्या गुरूंची परंपरा एवढाच समाजाचा वांटा. तो लहान नाहीं, पण तो मनुष्याला जन्मभर बांधून ठेवण्याइतका मोठाहि नाहीं. आमच्या हवाई खात्यानें २०१७ सालीं असा नियम केला कीं, नोकरी सोडूं इच्छिणाऱ्या मुख्य वैमानिकानें एक वर्षाची आणि सहवैमानिकानें सहा महिन्यांची पूर्वसूचना द्यावी. वैमानिक एकाएकीं निघून गेले तर उड्डाणें रद्द होतात आणि प्रवाशांचे हाल होतात, म्हणून वाजवी मुदत मागणें न्याय्य आहे. वर्षाची मुदत वाजवी कीं अवाजवी याविषयीं मतभेद होतील. परंतु मुदत मागणें निराळें आणि जाऊंच नको म्हणणें निराळें. पहिल्यांत समाज आपलें नुकसान टाळतो. दुसऱ्यांत तो माणसाला आपली मालमत्ता समजतो.

आईचा हक्क याहून कोमल आणि म्हणूनच याहून बलवत्तर आहे. तथापि कर्ज फेडण्याचें कर्तव्य मुलानें जपानांत राहून पाळलें तर तें मोडलें असें कोण म्हणेल? जवळ राहिलेला मुलगा आईची विचारपूस करीलच असें नाहीं, आणि दूर गेलेला विसरेलच असेंहि नाहीं. प्रेमाचें ऋण अंतरानें मोजण्याची रीत आम्हांस सदोष वाटते.

सोलापुरांत या विषयावर बोलतांना डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचें नांव निघाल्यावांचून राहत नाहीं. १९१० सालीं या शहरांत जन्मलेला हा तरुण १९३८ सालीं वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेला, जपानी आक्रमणाशीं झगडणाऱ्या सैनिकांची शुश्रूषा त्यानें केली, तेथेंच संसार मांडला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजीं तेथेंच देह ठेवला. चुलते म्हणतील, कोटणीस सेवेसाठीं गेले, हा पगारासाठीं जातो. भेद खरा आहे, आणि तो पुसून टाकण्याची आमची इच्छा नाहीं. परंतु त्यागी पुरुषाच्या उंचीनें प्रत्येकाला मोजूं लागलों तर घरीं बसून पगार घेणारे आपण सर्वच खुजे ठरूं. कोटणिसांच्या चरित्रांतून सामान्य माणसानें घेण्याजोगा धडा एवढाच कीं, रोग्याचें राष्ट्रीयत्व पाहून हात आंखडता घेणें कसबी मनुष्यास शोभत नाहीं. तीनशें प्रवासी पाठीमागें घेऊन धुक्यांत उतरणाऱ्या वैमानिकाला हा धडा पगार घेऊनहि पाळतां येतो.

उरला बापाचा प्रश्न. त्याचें उत्तर शोधण्यास सोलापुरानें टोकियोकडे पाहण्यापूर्वीं आपल्याच पेठांकडे पाहावें. येथील चादरीचें नांव ज्यांच्या हातांनीं देशभर गेलें त्यांत तेलुगु बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांचा वांटा फार मोठा आहे. तेहि परमुलखांतून पोटासाठींच आले. त्यांना आपण काय दिलें? मागावर जागा दिली, ही गोष्ट सोपी होती. शेजार, शाळा, मान आणि गांवाच्या कारभारांत आवाज या गोष्टी अवघड होत्या, आणि त्यांना मिळाल्या तेव्हांच ते 'आलेले' न राहतां सोलापूरकर झाले. जपानांतहि हें अशक्य नाहीं. मूळचे महाराष्ट्रीय असलेले योगेंद्र पुराणिक २०१९ सालीं टोकियोच्या एदोगावा विभागाच्या प्रतिनिधिसभेवर निवडून आले. पण त्यासाठीं त्यांना जपानचें नागरिकत्व घेऊन भारताचें सोडावें लागलें. कारण दोन्ही देश दुहेरी नागरिकत्व मानीत नाहींत. मान मिळतो, पण त्याची किंमत असते.

ज्यानें नागरिकत्व घेतलें नाहीं आणि ज्याला कायमच्या वास्तव्याची परवानगीहि नाहीं, त्याची अवस्था अधिक नाजूक. त्याचें राहणें त्याच्या कामाशीं जखडलेलें असतें. योग्य कारणावांचून तीन महिने तें काम केलें नाहीं तर परवानगी काढून घेतली जाऊं शकते. येथें आम्हांस खरा नैतिक धोका दिसतो. वैमानिकाच्या धंद्यांतील सर्वांत मोलाचें वाक्य "मी आज उडण्यास समर्थ नाहीं" हें आहे. झोंप झाली नाहीं, अंगांत कसर आहे, वादळ पुढें आहे, अशा वेळीं तें वाक्य उच्चारण्याचें धैर्य त्याला हवें. परंतु नोकरी गेली तर बिऱ्हाड, मुलांची शाळा, सारेंच जाईल, या भीतीनें ज्याची जीभ जड झाली, तो तें वाक्य कसें उच्चारणार? यजमान देशानें परक्याला निर्भयता दिली तर तो उपकार नव्हे. आपल्याच प्रवाशांचें तें संरक्षण आहे. आणि हेंच वाक्य चिंचोळीच्या कारखान्यांतील परप्रांतीय मजुरालाहि धोक्याच्या यंत्रापुढें उच्चारतां आलें पाहिजे, हें आपण विसरूं नये.

तेव्हां आमचें मत असें: कसब हें ना देशाची मालमत्ता, ना केवळ त्या माणसाची. ती एक ठेव आहे. आणि जो ज्या क्षणीं त्या कसबाच्या भरंवशावर आपला जीव सोंपवितो, त्या क्षणापुरती ती त्याची ठेव होय. मुलानें जपानला जावें कीं न जावें हें त्यानें ठरवावें. बापानें त्याला एवढेंच सांगून पाठवावें कीं, बाबा रे, नाहीं म्हणण्याची वेळ येईल तेव्हां घराच्या कर्जाकडे पाहूं नकोस; कर्ज आपण फेडूं.