लाखेची चिंबोरी



आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही. प्रवरा आणि मुळा सह्याद्रीत उगम पावतात खऱ्या, पण कोकणाकडे पाठ फिरवून गोदावरीकडे जातात. म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत आपल्या धर्मग्रामातील काही कुटुंबांसह आम्ही वसईला गेलो, तेव्हा मुलांइतक्याच नवलाने आम्हीही भरती-ओहोटी पाहत होतो.

पाचूबंदरच्या एका कोळी बांधवाने संध्याकाळी आम्हांला खाडीवर नेले. लोखंडी कडीला बांधलेले जाळे आणि त्याच्या मधोमध माशाचे डोके. याला तिकडे फग म्हणतात. तिवरांच्या कडेने फग सोडायचा, थोडे थांबायचे आणि झटक्यात वर ओढायचा. तिसऱ्या फगात एक मोठी चिंबोरी आली. त्यांनी ती उलटी करून दाखवली. नराच्या पोटाखालचे झाकण अरुंद व टोकदार असते, मादीचे रुंद व गोल. ही मादी होती, आणि तीही लाखेची. लाख म्हणजे कवचाच्या आत भरलेली केशरी गाबोळी. खवय्ये हिच्यासाठीच जास्त पैसे मोजतात.

एका शाळकरी मुलाने विचारले, "काका, हिला सोडायची का?" ते हसून म्हणाले, "सोडली असती रे. पण मी सोडली तर पुढचा कोणीतरी धरणारच. आणि आज फादर पाहुणे आहेत ना!" रात्री ती चिंबोरी आमच्या ताटात आली. खोटे कशाला सांगावे, कालवण फार चवदार झाले होते. पण 'पुढचा कोणीतरी' हे शब्द अजून मनातून जात नाहीत.

ही चिंबोरी खाडीच्या चिखलात वाढते, पण अंडी सोडायला मादी खाडीबाहेर समुद्राकडे जाते. तिच्या पोटी लक्षावधी अंडी असतात आणि त्यांतली फारच थोडी जगतात. म्हणजे ज्या लाखेसाठी आपण जादा पैसे देतो, ती उद्याची खाडीच असते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना कांटची एक कसोटी आम्ही पाठ केली होती. आपण जे करू पाहतो ते सर्वांनीच केले तर चालेल का, हे आधी स्वतःला विचारावे. येथे उत्तर सोपे आहे. सर्वांनीच लाखेची धरली तर खाडी रिकामी होईल. पण त्या कोळी बांधवाचा प्रश्न याहून अवघड आहे. बाकीचे धरतच असतील, तर एकट्याने सोडून काय साधणार? त्या एका चिंबोरीवर कदाचित त्याच्या घरचा दिवस निघतो. भरल्या पोटाने त्याला संयम शिकवणे शोभत नाही.

एकट्याच्या संयमाला इतरांचा आधार लागतो. पूर्वी पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या जात आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा समुद्रात जात. आज यांत्रिक नौकांना 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस कायद्याने मासेमारी बंद असते. सगळेच थांबले की थांबणारा मूर्ख ठरत नाही. 2023 साली पापलेट राज्यमासा ठरला आणि अनेक जातींच्या माशांसाठी किमान लांबीही ठरवून देण्यात आली. पण खाडीवर एकट्याने टाकलेल्या फगापाशी कोणता अधिकारी उभा राहणार?

अनुवादाच्या 22व्या अध्यायात एक लहानशी आज्ञा आहे. वाटेने जाताना पाखराचे घरटे दिसले, तर पिल्लांबरोबर आईलाही धरू नये. तिला सोडून द्यावे. घेऊच नका असे ही आज्ञा म्हणत नाही. कोठे थांबायचे तेवढे सांगते. आणि सांगते ती वाटसरूला, ज्याला कोणी पाहत नाही.

मग हा 'पुढचा कोणीतरी' कोण? नीट विचार केला तर तो आपण आहोत. बर्फात येणारे तळहाताहून लहान पापलेट 'स्वस्त मिळाले' म्हणून घेणारे आपण. रोहू, कटला पावसाळ्यात अंडी घालतात हे माहीत असूनही चढणीच्या माशांतली गाबोळी आवडीने मागणारे आपण. अकोल्याकडच्या ओढ्यातल्या खेकड्याच्या पोटाखाली पिल्ले दिसली, तरी तो टोपलीत टाकणारेही आपणच. मागणारा आहे म्हणून धरणारा आहे.

सोडून देणे कोळ्याला महाग पडते; आपल्याला पडते फक्त एका कालवणाची चव. ज्याला ओझे हलके, त्याने ते आधी उचलावे, हाच न्याय आहे. लाखेला मागणी उरली नाही, तर ती सोडणाऱ्याचे नुकसानही तितके होणार नाही.

त्या संध्याकाळी मुलाने विचारले तेव्हा आम्ही गप्प बसलो. यजमानांनी पाहुण्याचे नाव घेतले होते. पाहुण्याने एवढेच म्हणायला हवे होते, "आम्हांला नराची चालेल." ती चिंबोरी तेव्हाच पाण्यात गेली असती.

तुमचे धर्मगुरू