गोधडीची किंमत, गोधडीचे मोल



'किंमत' आणि 'मोल' हे दोन शब्द आपण बोलताना एकाच अर्थाने वापरतो. गोधडी शिवणाऱ्या बाईला मात्र या दोन शब्दांमधले अंतर चांगले ठाऊक असते. तिच्या हातच्या गोधडीचे कौतुक सगळेच करतात. 'मायेची ऊब', 'आजीच्या हातची सर कशाला नाही' असे शब्द तिच्या वाट्याला भरपूर येतात. पण तीच बाई एखाद्या दिवशी म्हणाली, "या गोधडीचे दोन हजार रुपये होतील," की समोरचा माणूस चपापतो. "जुन्या साड्यांचीच तर आहे," असे परका म्हणतो. "आपल्याआपल्यात कसले पैसे?" असे जवळचा म्हणतो. मोल अपार, पण किंमत काहीच नाही, अशी तिच्या कामाची स्थिती होते.

यातून एक नैतिक प्रश्न उभा राहतो. जे काम प्रेमाने होते, त्याचा मोबदला मागणे हे प्रेमाला कमीपणा आणणारे आहे का? आणि मोबदला न देणाऱ्याने प्रेमाचे नाव पुढे करावे का? प्रश्न केवळ गोधडीचा नाही. घरातील, शेजारातील आणि मंदिरातीलही अनेक कामांचा तो प्रश्न आहे.

दुपारचे दोन तास

आपल्याकडे कुठे गोधडी म्हणतात, कुठे वाकळ. तान्ह्या बाळासाठी शिवतात ते दुपटे. शिवणाऱ्या बाईचा दिवस इतर बायकांसारखाच असतो. पहाटेचे पाणी, मुलांचे डबे, स्वयंपाक, भांडी, कपडे हे सगळे आटोपले की जेवणानंतरचे दोन तास तिचे असतात. त्या वेळात इतर जण आडवे होतात आणि ती गोधडी काढून बसते.

शिवण्याआधीही बरेच काम असते. जुनी सुती साडी स्वच्छ धुऊन, खळ काढून, उन्हात वाळवावी लागते. विरलेला भाग टाकून द्यायचा, काठ कापून बाजूला ठेवायचे, शर्टाच्या पाठीचा चांगला तुकडा राखायचा. मग ओटीवर किंवा खोलीत जमिनीवर एकावर एक थर पसरायचे, चारी कोपऱ्यांवर वजन ठेवायचे आणि सुरकुती पडू न देता कच्चे टाके घालायचे. त्यानंतर कडेपासून धावदोरा सुरू होतो. बोटाला अंगुस्तान, जाड सुई, जाड दोरा. थर अनेक असल्यामुळे प्रत्येक टाक्याला सुई जोराने रेटावी लागते. वय वाढले की नजर साथ देत नाही. मग शाळेतून आलेल्या नातवाला हाक मारून सुईत दोरा ओवून घ्यावा लागतो.

हिशेब मांडून पाहू

'जुन्या साड्यांचीच तर आहे' असे म्हणण्यापूर्वी एकदा हिशेब मांडून पाहू या. सहा फूट लांब आणि साडेचार फूट रुंद अशी एक साधी गोधडी धरू. दोन ओळींमध्ये अर्ध्या इंचाचे अंतर धरले तर सुमारे १०८ ओळी होतात. त्या सगळ्या ओळी एका सरळ रेषेत मांडल्या तर जवळजवळ २०० मीटर शिवण होते. एका इंचात तीन टाके धरले तर टाक्यांची संख्या २३ हजारांच्या वर जाते. मिनिटाला १५ टाके पडले तरी नुसत्या धावदोऱ्याला २६ तास लागतात. धुणे, कापणे, तुकडे जोडणे आणि थर बसवणे यांसाठी आणखी १४ तास धरले की झाले ४० तास. म्हणजे रोज दोन तासांप्रमाणे वीस दुपारी. ताशी ५० रुपये एवढाच दर लावला तरी नुसत्या मजुरीचे २,००० रुपये होतात.

अशा गोधडीसाठी ४०० रुपये देऊ करणारा माणूस ताशी दहा रुपये देऊ करत असतो. कदाचित त्याला ते कळतही नसेल. कापड जुने होते हे खरे, पण वीस दुपारी जुन्या नव्हत्या.

"पण ती स्वतःच ४०० ला कबूल झाली ना?" असे कुणी म्हणेल. याचे उत्तर ख्रिस्तसभेने फार पूर्वी दिलेले आहे. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकात कामगाराच्या न्याय्य वेतनाचा विचार मांडला. गरजेपोटी कामगार कमी वेतनाला कबूल झाला, एवढ्याने ते वेतन न्याय्य ठरत नाही, हा त्यातील महत्त्वाचा मुद्दा आहे. हा नियम कारखान्यातील कामगाराला लागू पडतो, तसा ओटीवर बसून शिवणाऱ्या बाईलाही लागू पडतो.

आज तुझी, उद्या माझी

काही जण म्हणतील, पूर्वी कुठे कोण पैसे घेत होते? शेजारच्या चार बायका जमत आणि हसतखेळत गोधडी पुरी करत. ही आठवण खरी आहे. थर पसरून झाले की गोधडीच्या चारी बाजूंनी चौघी बसत. कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाच्या मुलाला नोकरी लागली, कुणाचा नवरा पुन्हा प्यायला लागला, हे सगळे सुईबरोबर पुढे सरकत असे. वरवर गप्पा वाटत, पण कितीतरी जणींचे मन तिथेच हलके होई. घरात जे सांगता येत नाही ते गोधडीच्या कडेला बसून सांगता येत असे, कारण सगळ्यांची नजर टाक्यावर असे, कुणी कुणाच्या तोंडाकडे पाहत नसे.

पण एक गोष्ट आपण विसरतो. ते काम फुकट नव्हते. आज तुझ्या घरची गोधडी, उद्या माझ्या घरची, असा तो व्यवहार होता. शेतकरी एकमेकांच्या शेतात पाळीपाळीने राबतात, त्याला आपण सावड म्हणतो. गोधडीचीही सावडच होती. पैसे दिले जात नव्हते, पण श्रम परत मिळत होते. जी बाई सगळ्यांकडे शिवायला जाई आणि जिच्याकडे कुणीच येत नसे, तिच्यावर अन्याय होतो आहे हे त्या बायकांनाही समजत असे. आज सावड मोडली आहे. शिवणारी एकटी उरली आहे आणि घेणारे पुष्कळ आहेत. अशा वेळी 'पूर्वी कुठे पैसे होते' असे म्हणणे म्हणजे जुन्या रीतीतील सोयीचा भाग ठेवून देणे आणि परतफेडीचा भाग विसरणे होय.

नदीच्या वळणावरचे गाव

हा प्रश्न आपल्यालाच पडलेला नाही. अमेरिकेतील अलाबामा राज्यात, अलाबामा नदीच्या एका वळणात, जीज बेंड नावाची वस्ती आहे. तेथील बहुतेक कृष्णवर्णीय कुटुंबे पूर्वीच्या गुलामांच्या वंशातील. दारिद्र्य मोठे, घरे थंड. म्हणून तेथील बायका जुन्या कामाच्या कपड्यांपासून आपल्यासारख्याच गोधड्या शिवत. १९६० च्या दशकात हे लोक मतदानाचा हक्क मागू लागले. नोंदणीसाठी नदीपलीकडील कॅमडेन गावी जावे लागे. १९६२ साली तेथे नेणारी होडी बंद करण्यात आली. ती पुन्हा सुरू व्हायला २००६ साल उजाडले.

१९६५ च्या डिसेंबरात फ्रान्सिस वॉल्टर या एपिस्कोपल धर्मगुरूंनी त्या भागात दोरीवर वाळत घातलेल्या गोधड्या पाहिल्या. त्या गोधड्यांना शहरात चांगली किंमत येईल आणि ते पैसे शिवणाऱ्या बायकांच्याच हाती पडतील, असा विचार पुढे आला. १९६६ साली बायकांची 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था उभी राहिली आणि न्यूयॉर्कमध्ये गोधड्यांचा लिलाव झाला. अनेक बायकांच्या हाती स्वतःच्या कमाईचे पैसे आले. पुढे १९७२ साली सीअर्स कंपनीसाठी कॉर्ड्युरॉयचे उशांचे अभ्रे शिवण्याचे काम त्यांना मिळाले. त्यातून उरलेले तुकडे बायका घरी नेत आणि त्यांच्या गोधड्या शिवून आपल्या माणसांच्या अंगावर घालत. दिवसा मजुरीसाठी शिवायचे आणि घरी मायेने शिवायचे, यात त्यांना काहीच विसंगत वाटले नाही. मजुरी घेतली म्हणून त्यांची माया आटली नाही.

२००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात या गोधड्यांचे प्रदर्शन भरले, मग ते न्यूयॉर्कलाही गेले. २००६ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांच्यावर दहा तिकिटे काढली. एवढा गौरव झाल्यावरही २००७ साली काही बायकांना कोर्टात जावे लागले. आपल्याला योग्य मोबदला मिळालेला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ते दावे पुढच्या वर्षी मिटले. जग टाळ्या वाजवत असतानाही हिशेबाचा प्रश्न सुटत नाही, हे यावरून दिसते.

मग दान कुठे राहिले?

येथे एक शंका येणे साहजिक आहे. प्रत्येक टाक्याचे पैसे मोजायचे ठरवले तर दानाला, मायेला जागा कुठे राहणार? पवित्र शास्त्रात 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात यापो गावच्या टबीथाची हकिकत आहे. तिला दुर्कस असेही म्हणत. ती मरण पावली तेव्हा गावातील विधवा रडत पेत्राभोवती उभ्या राहिल्या आणि तिने शिवलेले अंगरखे आणि कपडे त्याला दाखवू लागल्या. टबीथाने त्या विधवांना पैसे मागितले असतील असे आपल्या मनातही येत नाही.

पण तेथे शिवणारीने आपण होऊन दिले होते. 'तू प्रेमळ आहेस ना, मग आमच्यासाठी फुकट शीव' असे तिला कुणी म्हटल्याचे तेथे लिहिलेले नाही. ज्यांना दिले त्या विधवा होत्या, ज्यांच्याकडे परत देण्यासारखे काही नव्हते. आणि त्या तिचे काम विसरल्या नाहीत.

जीज बेंडमधील मिझुरी पेटवे या बाईने १९४२ साली, नवरा वारल्यावर, त्याच्या शेतात वापरलेल्या कपड्यांची गोधडी शिवली. त्याची आठवण अंगावर पांघरता यावी एवढाच तिचा हेतू होता. ती गोधडी शिवताना किंमत तिच्या मनातही आली नसेल. अशी गोधडी मागून मिळत नाही आणि मजुरी देऊन शिवूनही घेता येत नाही.

उत्तर कर्नाटकातील सिद्दी समाजाचे उदाहरणही पाहण्यासारखे आहे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्या आणि तेथून रानात निसटलेल्या माणसांचे अनेक वंशज तेथे राहतात. त्यांच्यात आपले कॅथलिक बांधवही आहेत. त्यांच्या बायका 'कवंदी' नावाची गोधडी कडेपासून मध्याकडे शिवत जातात. कॅथलिक बायका कधी कधी तीत क्रूस शिवतात. शेवटी चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची लहान त्रिकोणी 'फुले' लावतात. फुले नसली तर कवंदी उघडी वाटते, असे त्या मानतात. फुलांनी ऊब वाढत नाही. तरी कवंदी त्यांच्यावाचून पुरी होत नाही.

प्रेमाचे काम हे त्या फुलासारखे असते. शिवणारी आपल्या मनाने ते लावते. मात्र फुले लावायला आधी गोधडी पुरी शिवलेली हवी. न्याय ही ती गोधडी आहे. मजुरी न देता नुसत्या प्रेमाच्या गोष्टी करणे म्हणजे कापडाविना फुले लावायला निघणे होय. म्हणून आम्हांस असे वाटते की, 'माया' हा शब्द देणाऱ्याने उच्चारावा, तो घेणाऱ्याच्या तोंडी शोभत नाही. देणारी म्हणाली, "राहू दे, मायेने दिली," तर ते दान होते. घेणारा म्हणाला, "मायेने दे," तर ती मागणी होते, आणि मायेच्या नावाने केलेली मागणी नाकारणे बाईमाणसाला फार जड जाते.

आपल्या घरात, आपल्या धर्मग्रामात

घरच्या माणसांत मजुरीचा प्रश्न नाही, हे खरे आहे. आई लेकीच्या बाळंतपणासाठी दुपटी शिवते तेव्हा ती दर लावत नाही. पण सावडीचा नियम घरातही आहे. तिच्या दुपारच्या दोन तासांत तिला चहासाठी चार वेळा उठवू नये. तिच्या चष्म्याचा नंबर तपासायला तिला कुणीतरी घेऊन जावे. बसण्याच्या जागी पुरेसा उजेड असावा. आणि तिने दिलेली गोधडी कपाटात जपून ठेवण्यापेक्षा अंगावर घ्यावी. झिजलेली गोधडी पाहून शिवणाऱ्या बाईला वाईट वाटत नाही, घडी न मोडलेली पाहून वाटते.

धर्मग्रामातही हेच आहे. वेदीची वस्त्रे दुरुस्त करणाऱ्या, नाताळच्या नाटकाचे कपडे शिवणाऱ्या, फनफेअरच्या दुकानासाठी पिशव्या आणि दुपटी देणाऱ्या बायका आपल्यात आहेत. ज्यांना सेवा म्हणून द्यायचे आहे त्यांची सेवा आपण आनंदाने स्वीकारावी आणि नाव घेऊन त्यांचे आभार मानावेत. परंतु जिचे घर शिवणावर चालते तिला 'देवाचे काम आहे' असे सांगून फुकट राबवू नये. देवाच्या नावाने गरिबाची मजुरी बुडवणे ही सेवा नव्हे. तिला आधी पैसे द्यावेत. त्यातून तिला काही दान करावेसे वाटले तर ती करील.

या आठवड्यात आपण प्रत्येकाने आपल्या घरातील एखादी गोधडी काढून पाहावी. ती कुणी शिवली, किती दुपारी बसून शिवली, आणि त्या बदल्यात आपण तिला काय दिले, हे मुलांना सांगता येते का पाहावे. सांगता आले नाही आणि शिवणारी अजून आपल्यात असेल, तर तिच्याकडे जाऊन यावे.