परीक्षकाची भूक

नवरात्रात किंवा संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या निमित्ताने गावोगावी पाककला स्पर्धा भरतात. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत अशा स्पर्धेच्या टेबलावर मासवडी नसेल, तर स्पर्धा झाली असे सहसा कोणी म्हणणार नाही. नावात मासा असला तरी या पदार्थात मासा नाही. आकार तेवढा त्याचा. बेसन आधणात वैरून गुठळी होऊ न देता घोटायचे, गरम असतानाच ओल्या फडक्यावर थापायचे, त्यावर भाजलेले तीळ, सुके खोबरे, कांदा, लसूण आणि कोथिंबीर यांचे सारण पसरायचे आणि फडक्याच्याच आधाराने वळकटी करून ती दाबून बसवायची. पीठ गार झाले तर वडी चिरते. सैल राहिले तर कापताना सारण बाहेर येते. हात भाजल्यावाचून ही कला येत नाही. दहा जणींनी दहा ताटे मांडलेली असतात. परीक्षक प्रत्येक ताटातला एक तुकडा मोडतात, रश्शात बुडवून चाखतात, कागदावर आकडे लिहितात आणि एकीला पहिला क्रमांक मिळतो.

त्या आकड्यांनी नेमके काय मोजले? अन्न हा तुलनेचा विषय होऊ शकतो काय, आणि झालाच तर अन्नाचे त्यात काय होते? प्रश्न वरवर हलका दिसतो. पण दूरचित्रवाणीने पाकस्पर्धांना जगभर जे वैभव दिले आहे, ते पाहता तो टाळून चालणार नाही.

सुसंस्कृत माणसाचे यावरचे उत्तर ठरलेले असते. अन्न पवित्र आहे, ते वाढण्यासाठी आहे, त्याची शर्यत लावणे हा बाजारूपणा आहे, असे तो म्हणतो आणि निःशंक मनाने जेवायला बसतो. मला हे उत्तर इतक्या सहजासहजी पटत नाही. चिरलेली वडी ही चिरलेलीच असते. बरे आणि अधिक बरे असा भेद जर स्वयंपाकात नसेल, तर शिकणे आणि शिकवणे या शब्दांनाही अर्थ उरत नाही. एखाद्या सुगरणीच्या हाताची दुसरीच्या हाताशी तुलना करणे म्हणजे तो हात काहीतरी करतो, केवळ राबत नाही, हे मान्य करणेच होय.

या स्पर्धांना आजचे रूप देण्यात जपानचा वाटा मोठा आहे. १९९३ साली तेथील फुजी टेलिव्हिजनने ‘आयर्न शेफ’ हा कार्यक्रम सुरू केला. ऐनवेळी एक मुख्य जिन्नस जाहीर व्हायचा, दोन बल्लवाचार्यांनी तासाभरात त्याचे निरनिराळे पदार्थ करायचे आणि परीक्षकांनी निकाल द्यायचा. मल्लांच्या कुस्तीचा सगळा थाट त्यात होता. या आखाड्यात १९९८ साली मासाहारू मोरिमोतो उतरला. मूळचा हिरोशिमाचा; तरुणपणी तेथे स्वतःचे सुशीचे उपाहारगृह चालवीत होता. १९८५ मध्ये ते विकून तो अमेरिकेत आला आणि स्थायिक झाला. पुढे कार्यक्रमाची अमेरिकन आवृत्ती निघाली, तीतही तो वर्षानुवर्षे दिसत राहिला. मुंबईकरांना त्याचे नाव २००४ पासून परिचित आहे. त्या वर्षी ताजमहाल हॉटेलात त्याच्या नावाचे जपानी उपाहारगृह उघडले.

मोरिमोतोच्या कारकिर्दीतील जय-पराजयांची यादी मला फारशी महत्त्वाची वाटत नाही. महत्त्वाचा वाटतो तो २००० सालचा न्यूयॉर्कमधला एक प्रसंग. प्रतिस्पर्धी होता बॉबी फ्ले हा अमेरिकन शेफ. वेळ संपताच विजयाच्या उन्मादात तो ओट्यावर चढला आणि भाज्या चिरायच्या फळीवर उभा राहून हात उंचावू लागला. मोरिमोतो संतापला. आम्हा जपान्यांना फळी आणि सुरी पवित्र असतात, तिच्यावर पाय देणारा हा शेफच नव्हे, अशा आशयाचे तो बोलला. त्या दिवशी निकाल मोरिमोतोच्या बाजूने लागला. पुढच्या वर्षी झालेल्या फेरलढतीत फ्ले जिंकला. गुणपत्रिकेत फळीवर पाय देण्याचे गुण कापण्याची सोय नव्हती. पण पाटा-वरवंटा मांडून सटवीची पूजा करणाऱ्या, विळीला चुकून पाय लागला तर हात जोडणाऱ्या आपल्याकडच्या कोणत्याही म्हातारीला मोरिमोतोचा राग दुभाष्यावाचून कळला असता. स्पर्धेच्या ऐन मध्यभागी, स्पर्धेला मोजता न येणारे काहीतरी तेथे उभे राहिले होते.

अमेरिकन आवृत्तीत प्रत्येक परीक्षकाच्या हाती २० गुण असत. चवीला १०, मांडणीला ५ आणि कल्पकतेला ५. वाटणी न्याय्यच म्हणायची. मात्र पोट भरण्याला त्यात एकही गुण नाही, आणि तो असूही शकत नाही, कारण परीक्षक उपाशी नसतो. तो चाखतो, जेवत नाही. पहिल्या घासाला जो पदार्थ दिपवून टाकतो, तो तिसाव्या घासाला नकोसा होऊ शकतो. उलट बाजरीची भाकरी पहिल्या घासाला काहीच सांगत नाही, पण उन्हातान्हात राबून आलेल्या माणसाला अखेरपर्यंत साथ देते. स्पर्धा पहिल्या घासाचा न्याय करते. तो न्याय खोटा नाही, अपुरा आहे. आणि अपुरेपणाची जाण ठेवून स्पर्धेत उतरता येते काय, हा खरा प्रश्न आहे.

याचे एक उत्तर आपल्याच माणसाने दिले आहे. फ्लॉइड कार्डोझ हा १९६० साली मुंबईत जन्मलेला, गोव्याच्या कॅथोलिक घराण्यातला मुलगा. जीवरसायनशास्त्र शिकत असता आर्थर हेलीची ‘हॉटेल’ ही कादंबरी त्याच्या वाचनात आली आणि त्याची वाट बदलली. मुंबईत आणि नंतर स्वित्झर्लंडमध्ये त्याने शिक्षण घेतले आणि तो न्यूयॉर्कला गेला. डॅनी मायर या व्यावसायिकाच्या सहकार्याने १९९८ साली त्याने ‘टॅब्ला’ काढले. अमेरिकेच्या भाज्या-मासळीला आपले मसाले लावून तेथे तो उच्चभ्रू ग्राहकांना जेवू घाली. बारा वर्षे चालून २०१० च्या अखेरीस ते बंद झाले. त्यानंतर काही महिन्यांनी, २०११ मध्ये, ‘टॉप शेफ मास्टर्स’ या स्पर्धेचे तिसरे पर्व दूरचित्रवाणीवर दाखवले गेले आणि त्यात कार्डोझ विजयी ठरला.

अंतिम फेरीत त्याने काय केले होते? उपमा. आपल्याकडे ज्याला उपीट किंवा सांजा म्हणतात, तो. रानातल्या अळिंब्या, नारळाचे दूध आणि कोकम यांच्या संगतीने, आणि अमेरिकनांना उमजावे म्हणून पोलेन्टा या इटालियन पदार्थाच्या नावाचा टेकू देऊन. पण होता तो रव्याचा उपमाच. (नावाला टेकू द्यावा लागला याची खंत वाटणारे वाचक असतील, मला वाटत नाही. परक्या पाहुण्याला पदार्थ समजावून सांगणे हाही आतिथ्याचाच भाग आहे.) उपमा हा कौतुकाचा धनी कधीच नव्हता. घरात दुसरे काही नसले म्हणजे, पाहुणा अवेळी आला म्हणजे, मुलांची शाळेची वेळ झाली म्हणजे तो होतो. ज्या पदार्थाला घरी कोणी दाद देत नाही, तो पदार्थ या माणसाने एक लाख डॉलरच्या लढतीत पुढे ठेवला. बक्षिसाची रक्कम माउंट सायनाय वैद्यकीय महाविद्यालयातील तरुण कर्करोग-संशोधकांच्या निधीला गेली. यात त्यागाचे अवडंबर माजवण्याचे कारण नाही. त्या स्पर्धेचा नियमच असा होता की प्रत्येकाने एखाद्या सत्कार्यासाठी खेळायचे. पण नियमाने एक गोष्ट साधली. जिंकणाऱ्याला जिंकलेले घरी नेता येत नव्हते.

विजयाने पुढची वाट सोपी केली असेही दिसत नाही. २०१५ मध्ये मुंबईत ‘बॉम्बे कँटीन’ उभे करण्यात त्याचा हात होता, दोन वर्षांनी ‘ओ पेद्रो’ निघाले, आणि दोन्हींचे नाव झाले. मात्र २०१६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये काढलेले उपाहारगृह नाव बदलूनही २०१९ मध्ये बंद पडले. त्याचे पहिले नाव मला फार बोलके वाटते. ते होते ‘पाववाला’. पहाटे सायकलची घंटी वाजवीत ताजे पाव घेऊन दारोदार फिरणारा माणूस मुंबई-गोव्याच्या, वसईच्या वाचकांना सांगायला नको. आणि त्या माणसाचे स्वतःचे नाव आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक असते, हेही विचारायला नको. ज्याचे नाव पडद्यावर झळकले होते, त्याने आपल्या दारावर निनावी माणसाची पाटी लावली. २५ मार्च २०२० रोजी न्यू जर्सी येथे करोनाच्या साथीत कार्डोझचे निधन झाले. वय ५९.

आता जरा आपल्या घराकडे वळू. दूरचित्रवाणीवरच्या स्पर्धेला आपण नावे ठेवतो. पण तिच्याहून कठोर स्पर्धा आपल्या ताटाभोवती रोज चालते. स्पर्धेतला शेफ स्वखुशीने उतरलेला असतो, नियम त्याला आधी ठाऊक असतात, परीक्षक आपल्या निकालाची कारणे देतात आणि वाहवा झाली तर ती त्याच्याच नावावर जमा होते. घरातल्या बाईला यांपैकी काय मिळते? ऐन हंगामात कांदा-टोमॅटोच्या रानात खुरपणीला जायचे म्हणून पहाटे उठून जी भाकरी थापते, किंवा भीमाशंकरच्या बाजूला आवणीच्या चिखलातून येऊन जी चूल पेटवते, तिने चाळीस वर्षे दोन वेळचे रांधले तर २९,२०० वेळा तिची परीक्षा होते. परीक्षक पाटावर बसून एवढेच सांगतो की आज मीठ कमी आहे. मीठ बरोबर असेल तर तो काहीच बोलत नाही, आणि त्या न बोलण्यालाच तिने दाद समजायची असते. ती स्वतः जेवते तेव्हा रस्सा तळाशी गेलेला असतो. ज्यांना पाकस्पर्धा अन्नाचा अपमान वाटते, त्यांनी या परीक्षकपदाचा राजीनामा आधी दिला पाहिजे. नवरात्रातल्या स्पर्धेत मासवडीला क्रमांक मिळाल्यावर एखादी बाई ते पातळ कागदाचे प्रशस्तिपत्रक काचेत बसवून भिंतीवर लावते, तेव्हा तिला हसणे सोपे आहे. आयुष्यात एकदा कोणीतरी तिच्या स्वयंपाकाचे तोंडावर, नाव घेऊन, चारचौघांत मोल केलेले असते.

दाद चुकीच्या माणसाला जाण्याची रीतही फार जुनी आहे. कानाच्या लग्नात भोजनकारभाऱ्याने द्राक्षारस चाखला, तो उत्तम असल्याचा निर्वाळा दिला आणि वराला बोलावून त्याची प्रशंसा केली. त्या वराचा त्यात काडीचाही हात नव्हता. रस कोठून आला ते पाणी भरणाऱ्या सेवकांना ठाऊक होते. त्यांना कोणी विचारले नाही. जिव्हा अचूक आणि निकालपत्रावरचे नाव चूक, असे होऊ शकते.

जुन्नरच्या डोंगरांतही याची एक दगडी नोंद आहे. कोकणातल्या बंदरांचा माल नाणेघाट चढून या नगरात येई आणि त्या मार्गाने परदेशी माणसेही येत. येथील लेण्यांत यवन दात्यांचे शिलालेख आहेत. त्यांपैकी शिवनेरीच्या लेण्यातला एक असे नोंदवतो की, गत कुळातल्या चिट नावाच्या यवनाने भिक्षुसंघाला भोजनमंडप दान दिला. सुमारे अठराशे वर्षांमागे कोणी परका माणूस येथे आला आणि त्याने दुसऱ्यांच्या जेवणासाठी खडक खोदविला, ही गोष्ट मनाला भिडते. त्याचे नाव उरले हे योग्यच झाले. मंडपात अन्न कोणाच्या हातचे येई, ते मात्र कोठेही कोरलेले नाही.

मग नाव असावे की नसावे? येथे मला आण्याची यात्रा आठवते. जुन्नर तालुक्याच्या पूर्वेला आणे पठारावर रंगदास स्वामींच्या यात्रेत आमटी-भाकरीचा महाप्रसाद असतो. मोठमोठ्या कढयांतून आमटी उकळते आणि बाजरीच्या भाकरी पठारावरच्या घराघरांतून येतात. त्यांचा ढीग लागतो. कोणाची भाकरी कोणाच्या हाती पडली याचा हिशेब तेथे कोणी ठेवत नाही, क्रमांक देण्याची गोष्ट तर दूरच. सुसंस्कृत माणसाला हे चित्र अतिशय आवडेल, आणि तेवढ्यासाठीच मी थोडा साशंक आहे. निनावीपण करणाऱ्याने निवडलेले असते तेव्हा ते दान होते. खाणाऱ्याने लादलेले असते तेव्हा ती चोरी होते. कार्डोझने ‘पाववाला’ ही पाटी लावली ती नाव मिळाल्यानंतर. आण्याला भाकरी देणाऱ्या बाईला घरी परतल्यावर नाव असते काय, हे त्या ढिगाकडे पाहून सांगता येणार नाही.

भाकरीचा ढीग जवळून पाहिला तर सगळ्या भाकरी सारख्या नसतात. काही पातळ, काही जाड. एखादीची कड चिरलेली, एखादी तव्यावर जरा जास्त राहिलेली. पिठावर कुठे कुठे बोटांचे ठसे. पंगत बसली की त्या मोडून आमटीत कुस्करल्या जातात.