शिक्षेचं माप

बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं माळरान, चिंकाऱ्यांसाठी राखलेलं. तिथला एखादा चिंकारा कुणी मारला आणि गुन्हा शाबीत झाला, तर वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे किमान तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं तुरुंग. त्याच तालुक्यात कुठे शर्यतीचं मैदान भरलं आणि तिथे बैलाचे हाल केले, तर प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात राज्याने २०१७ साली केलेल्या दुरुस्तीप्रमाणे पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. आणि मैदानापासून हाकेच्या अंतरावर, साखर कारखान्याच्या रस्त्याला, झेपत नाही एवढा ऊस ओढणाऱ्या बैलाच्या पाठीवर कुणी काठी मोडली, तर १९६० च्या त्याच मूळ कायद्याप्रमाणे पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत आज दोघांचा चहा-वडापावही धड होत नाही.

चिंकाऱ्याची सात वर्षं जास्त आहेत असं माझं म्हणणं नाही. चिंकारा गेला की माळ ओस पडतो, त्याची शिक्षा कडक हवीच. पण शिक्षा जर दुखापतीसाठी असेल, तर मार खाणाऱ्या जनावराला अभयारण्य, मैदान आणि रस्ता यांतला फरक कळत नाही. फरक आपण केला आहे, आणि बहुतेक वेळा जनावराकडे न बघता माणसांकडे बघून केला आहे.

न्याय्य शिक्षा म्हणजे किती, हा प्रश्न जगात सगळ्यात मोठ्या आवाजात विचारला गेला तो एका खेळाडूच्या निमित्ताने. मायकेल विक हा अमेरिकी फुटबॉलमधला मोठा खेळाडू, अटलांटा फाल्कन्स संघाचा. २००४ साली त्याने दहा वर्षांचा तेरा कोटी डॉलरचा करार केला होता. २००७ साली व्हर्जिनियातल्या त्याच्या मालकीच्या जागेत कुत्र्यांच्या झुंजींचा अड्डा सापडला. पन्नासच्या आसपास कुत्री ताब्यात घेतली गेली. चाचणीत जी कुत्री नेटाने झुंजली नाहीत, त्यांना फाशी देऊन किंवा पाण्यात बुडवून मारलं होतं. आधी नाही नाही म्हणणाऱ्या विकने शेवटी गुन्हा कबूल केला. डिसेंबर २००७ मध्ये न्यायाधीश हेन्री हडसन यांनी त्याला तेवीस महिन्यांची कैद सुनावली. त्याच्या दोन प्रमुख साथीदारांना अठरा आणि एकवीस महिने मिळाले होते.

तेव्हा तिकडे दोन्ही बाजूंनी आरडाओरडा झाला. काहींना वाटलं, कुत्र्यांपायी माणसाचं आयुष्य मातीत घालताय. काहींना वाटलं, याला पुन्हा मैदानावर पाय ठेवू देऊ नका. मला मात्र तो निकाल, आकड्यांपुरता तरी, बराचसा नेमका वाटतो. साथीदारांपेक्षा थोडी जास्त शिक्षा का? पैसा त्याचा होता, आणि तपासात तो खरं बोलला नव्हता. तो नामांकित होता म्हणून ती वाढवली नाही, आणि नामांकित आहे म्हणून कमीही केली नाही. शिवाय एक गोष्ट अशी झाली की जिची आपल्याकडे चर्चाच होत नाही. जिवंत राहिलेल्या कुत्र्यांच्या सांभाळासाठी त्याला नऊ लाख अठ्ठावीस हजार डॉलर भरावे लागले. त्यामुळे त्यातली बरीचशी कुत्री वाचली, काही तर घरांत रमली. म्हणजे शिक्षा फक्त गुन्हेगारापुरती राहिली नाही, ज्याच्यावर गुन्हा घडला त्याच्यापर्यंत थोडी तरी पोचली. विक २००९ साली सुटला, फिलाडेल्फियाच्या संघातून पुन्हा खेळला आणि पुढच्याच हंगामात गाजला. ते कित्येकांना सहन झालं नाही. मला त्यात गैर वाटत नाही. शिक्षा भोगून झाल्यावरही माणसाला त्याच्या धंद्यातून कायमचं हाकलायचं असेल, तर मग कोर्टाने महिने मोजायचे कशाला?

इंग्लंडमध्ये २०२२ साली कर्ट झुमा या फुटबॉलपटूने घरातल्या मांजराला लाथ मारली, त्याची चित्रफीत पसरली. कोर्टाने १८० तास विनामोबदला समाजसेवा करायला लावली आणि पाच वर्षं मांजर पाळायची बंदी घातली. क्लबने अडीच लाख पौंडांचा दंड केला तो वेगळा. कुत्री बुडवून मारणं आणि मांजराला लाथ मारणं यांत जेवढं अंतर आहे, साधारण तेवढंच अंतर त्या दोन निकालांत दिसतं. यालाच मी माप म्हणतो.

आपल्या देशात खेळाडूवर असा खटला गाजला तो मन्सूर अली खान पतौडी यांच्यावरचा. २००५ साली हरियाणात काळविटाच्या शिकारीप्रकरणी त्यांना अटक झाली. २०११ साली ते वारले, तोवर निकाल लागला नव्हता. सहा वर्षांत दोषी की निर्दोष एवढंही ठरू नये, यात काळविटावरही अन्याय आहे आणि पतौडींवरही.

आता आपल्या मातीकडे. बारामती, इंदापूर, पलीकडे फलटण, माळशिरस हा सगळा पट्टा बैलांच्या शर्यतींचा. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली शर्यती थांबवल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परत सुरू करू दिल्या आणि मे २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने राज्याची दुरुस्ती वैध ठरवली. तेव्हापासून मैदानं जोरात आहेत. इथे छकड्यावर उभा राहणारा चालक हा सरळसरळ व्यावसायिक खेळाडू झाला आहे. त्याला नाव आहे, मानधन आहे, त्याच्यासाठी मालकांत चढाओढ आहे. गट सुटला की तो एका हाताने कासरा धरून पार पुढे वाकतो. दुसऱ्या हातात काय आहे ते प्रेक्षकांना दिसत नाही, आणि बघायचा प्रश्न तिथेच आहे. नियमाने काठी नाही, चाबूक नाही, विजेचा धक्का नाही. पण धक्का देणारं यंत्र मुठीत मावतं. काठीच्या टोकाला ठोकलेला खिळा धुरळ्यात कुणाला दिसायचा? शेपूट पिरगाळायला तर काहीच लागत नाही. काही जण ती दाताखाली धरतात. शर्यत संपल्यावर बैलाच्या शेपटीच्या बुडाशी नुसता हात फिरवला तरी जाणत्याला सगळं समजतं.

सगळे तसे नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. बैलाला दूध, अंडी, पेंड घालून पोराहून जास्त जपणारे मालक इथे घरोघर आहेत. काटेवाडीत तुकोबांच्या पालखीभोवती मेंढ्या रिंगण धरतात, बेलवाडीत अश्व धावतो, आणि त्या अश्वाच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात. जनावराविषयी माया इथे उसनी आणावी लागत नाही. पण मायेत पैसा शिरला की काय होतं तेही आपण पाहिलं आहे. जून २०२४ मध्ये बारामती तालुक्यातल्या निंबूत गावी शर्यतीच्या एका बैलाच्या व्यवहारावरून गोळी झाडली गेली आणि एका बैलमालकाचा जीव गेला. बैलाची किंमत लाखांच्या घरात गेली की त्याच्या पाठीवर पैज असते, आणि पैज हरण्यापेक्षा खिळा टोचणं स्वस्त पडतं.

म्हणून मैदानावर जो चालक यंत्र किंवा खिळा वापरताना सापडेल, त्याला नुसता पाच-दहा हजारांचा दंड करून सोडणं मला मान्य नाही. तेवढं बक्षिसाच्या रकमेतून सहज सुटतं. त्याला काही काळ कासऱ्याला हात लावू देऊ नये, हे खरं लागणारं आहे. घोडेस्वारीत हे झालं आहे. घोड्यावर चाबूक चालवल्याच्या प्रकरणात शार्लट ड्युजार्डिन या ऑलिम्पिक सुवर्णपदक विजेत्या इंग्लिश स्वार बाईंना २०२४ साली त्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने एक वर्ष बाहेर ठेवलं. आणि ज्या मालकाने ते यंत्र चालकाच्या हातात दिलं, त्याला चालकापेक्षा जास्त शिक्षा हवी. विकच्या खटल्यात पैसा पुरवणाऱ्याला जास्त मिळाली, तसंच.

पण ऊसवाहतुकीच्या बैलाचं काय? पहाटे माळेगाव, सोमेश्वर किंवा भवानीनगरच्या रस्त्याला टायरगाड्यांची रांग लागते. जवळ जाऊन बघा. जू जिथे टेकतं तिथे खांदा सुजलेला, कातडं निघालेलं, वर हळद-तेलाचा लेप. बेंदूर असो की पोळा, आदल्या संध्याकाळी ज्या खांद्याला आपण लोणी चोळतो, तोच हा खांदा. गाडीवर बसलेला माणूस बीडकडून आलेला, मुकादमाकडून उचल घेऊन अडकलेला, टनावर पैसे मिळवणारा. गाडीत जेवढा जास्त ऊस, तेवढी उचल लवकर फिटते. त्याने काठी उगारली तर त्याला दंड लावा, हे कायद्याला धरून आहे. न्यायाला धरून आहे का? गाडी कारखान्याच्या काट्यावर जाते तेव्हा तिचं वजन नोंदलं जातं, पावती निघते. बैलांवर किती ओझं लादलं याचा लेखी पुरावा रोज तयार होतो आणि फायलीत जातो. त्या पावतीवरून कधी मुकादमाला किंवा कारखान्याला कुणी जाब विचारल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही. शिक्षेचं माप लावायचं तर आधी फायदा कुणाच्या खिशात गेला हे बघायला हवं. शर्यतवाला हौसेसाठी आणि पैजेसाठी मारतो, तोडकरी कर्जापायी मारतो. बैलाला दोन्ही सारखंच लागतं, पण माणसाच्या दोषाचं वजन दोन्हीकडे सारखं नाही. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. गरीब सापडतो, कारण तो रस्त्यावर असतो.

आता कायदा किती हतबल आहे असं म्हणून हात झटकायची आपल्याला सवय आहे. ते अर्धंच खरं आहे. पन्नास रुपयांचा दंड हास्यास्पद आहे, तो बदललाच पाहिजे, आणि जनावराला मारल्याबद्दल पोलीस वॉरंटाशिवाय अटक करू शकत नाहीत हीही अडचण आहेच. पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, कलम ३२५ खाली, कुठलंही जनावर ठार मारणं, त्याला विष घालणं किंवा कायमचं निकामी करणं याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पूर्वी बऱ्याच जनावरांच्या बाबतीत ते किती रुपयांचं यावर शिक्षा ठरायची, ती अट आता गेली. आणि १९६० च्याच कायद्यात कलम ३५ आहे. छळलेलं जनावर पांजरपोळात किंवा दवाखान्यात पाठवून त्याचा खर्च मालकाकडून वसूल करता येतो. अमेरिकेत विककडून जे घेतलं, त्याची सोय आपल्याकडे त्याच्या जन्माआधीपासून आहे. कलम २९ प्रमाणे न्यायालय दोषी मालकाचं जनावर काढून घेऊ शकतं. त्याच्यावर आधी असा गुन्हा शाबीत झालेला असेल, तर त्याला जनावर बाळगायची काही काळ किंवा कायमची मनाईही करू शकतं. झुमाला पाच वर्षं मांजर पाळू न देणाऱ्या इंग्लंडच्या कोर्टाचा अधिकार बारामती-इंदापूरच्या कोर्टालाही अनोळखी नाही.

मैदान भरवणाऱ्या यात्रा कमिट्यांना म्हणून एवढंच सांगायचं आहे. तुमच्या हँडबिलावर पहिल्या बक्षिसाची रक्कम असते, प्रमुख पाहुण्यांचे फोटो असतात, झेंडा पंचाचं नाव असतं. त्याच कागदावर, गेल्या हंगामात बैलाला धक्का किंवा खिळा लावताना सापडलेल्या चालकाला आणि त्याच्या मालकाला प्रवेश नाही, अशी एक ओळ छापा, आणि फायनल सुटण्याआधी पशुवैद्यकीय डॉक्टरांना प्रत्येक बैलाच्या शेपटीवरून हात फिरवू द्या. त्यासाठी मुंबईहून किंवा दिल्लीहून कुठलीही परवानगी आणावी लागत नाही.