ज्ञानाचे प्रामाण्य आणि एन्कोडरचा अलार्म

सर्व्हो मोटरच्या मागच्या टोकाला बसवलेला एन्कोडर शाफ्टची स्थिती मोजून ती आकड्यांत ड्राइव्हला कळवतो. १७ बिटांचा एन्कोडर एका फेऱ्याचे १,३१,०७२ भाग पाडतो. मोटरला कधी किती प्रवाह द्यायचा, हे ड्राइव्ह या आकड्यांच्या आधारे ठरवतो. संदेश तुटला किंवा विस्कटला की ड्राइव्ह अलार्म देऊन मोटर बंद करतो. हाती आलेले ज्ञान खरे कशावरून मानायचे, हा भारतीय दर्शनांतला जुना वाद येथे प्रत्यक्ष व्यवहारात उभा राहतो.

मीमांसा दर्शन मानणाऱ्या मीमांसकांच्या मते ज्ञानाचे प्रामाण्य स्वतःसिद्ध असते; हे स्वतःप्रामाण्य. त्याला बाध येणारे दुसरे ज्ञान झाले किंवा त्याच्या कारणात दोष आढळला, तरच ते अप्रमाण ठरते. कुमारिल भट्टांनी ‘श्लोकवार्तिका’त ही बाजू मांडली. न्याय दर्शन मानणाऱ्या नैयायिकांना हे मान्य नाही. ज्ञानावर विसंबून केलेली कृती सफल झाली, की त्यावरून त्याचे प्रामाण्य अनुमानाने कळते, असे ते म्हणतात; हे परतःप्रामाण्य. चौदाव्या शतकात गंगेशाने ‘तत्त्वचिंतामणी’त या वादाची सूक्ष्म चिकित्सा केली.

ड्राइव्हची नित्याची रीत मीमांसकांची आहे. प्रत्येक संदेशासोबत पडताळणीचे काही बिट येतात. ते जुळले की आकडा तत्काळ ग्राह्य धरला जातो. प्रत्येक आकड्याला बाहेरचा पुरावा मागितला तर मोटर हलणारच नाही. दोष आढळला तरच संदेश नाकारला जातो. हा दोष बहुधा वाटेतला असतो: कनेक्टरची सैल पिन, कूलंट शिरलेला सॉकेट, नीट अर्थिंग न केलेले शील्ड, मोटरच्या पॉवर केबलला चिकटून नेलेली एन्कोडर केबल, किंवा लांब केबलमुळे एन्कोडरपाशी कमी पडणारा व्होल्टेज.

यांतले खरे कारण कोणते, हे अन्वय-व्यतिरेकाने, म्हणजे एक असताना दुसरे असते आणि नसताना नसते हे पाहून, ठरते. वीज तोडून, ड्राइव्हमधली साठलेली वीज उतरू देऊन, मशीनच्या तशाच दुसऱ्या अक्षाच्या केबलशी संशयित केबलची दोन्ही टोकांना अदलाबदल करतात. अलार्म केबलबरोबर दुसऱ्या अक्षावर गेला आणि पहिल्या अक्षावरून नाहीसा झाला, तर दोष केबलचा. तो जागीच राहिला, तर एन्कोडर किंवा ड्राइव्ह तपासावा लागतो. मात्र अदलाबदलीनंतर अलार्म दोन्हीकडे थांबला, तर केबलला दोषी किंवा निर्दोष ठरवण्याची घाई करू नये. कनेक्टर काढून घट्ट बसवल्यानेच काम झालेले असू शकते. कारण भासणारी पण कारण नसणारी अशी गोष्ट न्यायशास्त्रात अन्यथासिद्ध ठरते.

दोष दिसला नाही म्हणजे तो नाही, असेही म्हणता येत नाही. वस्तू असती तर दिसलीच असती, अशा स्थितीत ती दिसली नाही, तरच तिचा अभाव सिद्ध होतो. यालाच योग्यानुपलब्धी म्हणतात. केबल चेनमधली तार वाकतानाच तुटत असेल, तर थांबलेल्या मशीनवर मल्टिमीटरने घेतलेली कंटिन्युइटी काहीच सिद्ध करत नाही. अक्ष या टोकापासून त्या टोकापर्यंत, नेहमीच्या वेगाने, शेजारच्या मोटरी चालू असताना फिरवून एररची नोंद पाहावी लागते.

पडताळणीच्या बिटांनाही मर्यादा आहे. संदेश वाटेत बिघडला नाही एवढेच ते सांगतात. संदेश खरा आहे की नाही, हे सांगत नाहीत. शाफ्टवर एन्कोडरची पकड सरकली, तर प्रत्येक संदेश निर्दोष येतो आणि स्थिती मात्र चुकीची असते. येथे नैयायिकांचा आग्रह योग्य ठरतो. अक्षाला ठरावीक अंतर चालवून डायल गेजने मोजले, पुन्हा मूळ बिंदूवर आणले आणि दोन्ही वेळा मेळ बसला, तरच ज्ञान कसोटीला उतरले. म्हणून मशीन चालवताना स्वतःप्रामाण्यावर विसंबणे भाग असले, तरी दुरुस्ती पूर्ण झाल्याचा निर्णय परतःप्रामाण्यानेच करायचा असतो. अलार्म पुसला जाणे हा त्या निर्णयाचा पुरावा नव्हे.