साठ दिवसांची बंदी

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटी माणसाच्या उंचीला लागली होती. एरवी कंबरेखाली राहणारा कीटकनाशकाचा फवारा त्या वर्षी मजुरांच्या तोंडावर येत होता. पाठीवर पंप, नाकाला दुपट्टा, अंगातला सदरा औषधाने आणि घामाने ओला, वर सप्टेंबरचा दमट उकाडा. संध्याकाळी घरी आलेला माणूस ओकू लागे, त्याला अंधुक दिसू लागे. जुलै ते ऑक्टोबर या काळात त्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. मोनोक्रोटोफॉससारखी सेंद्रिय फॉस्फरसची विषे कोलिनएस्टरेज या विकराला बांधून टाकतात, त्यामुळे मज्जातंतूंचे संदेश थांबेनासे होतात. ते ओळखण्यासाठी रक्ताची एक चाचणी असते. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात तेव्हा तीही होत नव्हती.

मजुरांनी मास्क लावले नाहीत, हातमोजे घातले नाहीत, असे तेव्हा वारंवार सांगितले गेले. हा आरोप अन्यायाचा आहे. डब्यावर चौकोन असतो, त्यात लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण. लाल म्हणजे अतिविषारी. सोबतच्या घडीपत्रकावर मुंगीएवढ्या अक्षरांत सूचना. ते पत्रक रोजंदारीवर फवारणाऱ्याच्या हाती पडतच नाही. कोणते औषध कशात मिसळायचे, हे त्याला कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवरून कळते, तेही मालकामार्फत. विदर्भाच्या उकाड्यात अंगभर संरक्षक पोशाख घालून दिवसभर फवारणी कोण करू शकेल?

आपला कायदाही मृत्यूंच्या मागूनच आला. १९५८ मध्ये केरळ आणि मद्रास भागात पॅराथिऑन मिसळलेल्या धान्यपिठाने शंभराहून अधिक माणसे मेली, त्यानंतर दहा वर्षांनी १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला. कायमची बंदी घालण्याचा अधिकार त्यात केंद्राकडे आहे. राज्याला मिळते ती तात्पुरती मनाई, मुळात साठ दिवसांची. यवतमाळच्या घटनांनंतर महाराष्ट्राने पाच कीटकनाशकांवर अशीच मनाई लावली. तोवर हंगाम संपत आला होता.

मोनोक्रोटोफॉसची कहाणी तर संतापजनक आहे. २००५ मध्ये भाजीपाल्यावर त्याच्या वापरास बंदी आली, पण कपाशीवर ते चालूच राहिले. जणू एकाच दुकानातला डबा शेत बघून विकला जातो. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यावर बंदी घालण्याचा विचार करावा, असा सल्ला दिला. जुलै २०१३ मध्ये बिहारमधल्या सारण जिल्ह्यात याच विषामुळे शालेय पोषण आहार खाऊन २३ मुले मेली. त्याचा ३६ टक्क्यांचा द्रव प्रकार बंद करण्याचा आदेश निघायला २०२३ उजाडले.

विषे काढली तर पीक बुडेल, ही भीती नेहमी दाखवली जाते. श्रीलंकेने १९९५ पर्यंत सर्वाधिक घातक गटातली कीटकनाशके बाजारातून काढली. विष पिऊन होणाऱ्या आत्महत्यांचे मृत्यू झपाट्याने घटले आणि भाताचे उत्पादन त्यामुळे कोसळले नाही.

कीटकनाशकांना विक्रीआधी मंजुरी देणाऱ्या केंद्राच्या नोंदणी समितीने प्रयोगशाळेतल्या आकड्यांबरोबर शेतातला माणूसही मोजला पाहिजे. ज्या औषधाची सुरक्षितता मजुराला न मिळणाऱ्या पोशाखावर अवलंबून आहे, त्याला नोंदणी देऊ नये. फवारणीच्या प्रत्येक विषबाधेची नोंद सक्तीची करावी, कोलिनएस्टरेजची चाचणी तालुक्याच्या रुग्णालयात आणावी आणि साठ दिवसांची मर्यादा काढून राज्यांना पूर्ण हंगामाचा अधिकार द्यावा.